पाठीशी वारा, पुढे भूशिर: उशिरा आवरलेल्या शिडाचं एक प्रकरण

या प्रकरणात कुणाला इजा झाली नाही, बोट बुडाली नाही, मदतीसाठी रेडिओ उचलावा लागला नाही. नुकसान म्हणाल तर मेनसेलला, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाला, वीतभर फाट आणि माझ्या उजव्या खांद्यावर चार दिवस टिकलेला काळानिळा डाग. मोठ्या अपघाताची चौकशी इतर लोक करतात. अशा छोट्या फजितीची चौकशी ज्याची त्यानेच करायची असते. म्हणून ही नोंद.

बोट ३१ फुटांची, एका डोलकाठीची, तळाला जड कील, म्हणजे बोट सरळ धरणारा पंख, असलेली. पाण्यावरची लांबी २६ फूट. मेनसेल २२ चौरस मीटर, त्यावर रीफच्या, म्हणजे शीड खालून दुमडून लहान करायच्या, दोन ओळी. पुढे फर्लरवर, म्हणजे फिरत्या गुंडाळीवर, गुंडाळता येणारं २८ चौरस मीटरचं जेनोआ, म्हणजे मोठं पुढचं शीड. म्हणजे सगळं उघडलं की ५० चौरस मीटर कापड. बोटीवर आम्ही दोघे. मी सुकाणूवर, आणि माझा मित्र, त्याचा हा दुसराच हंगाम. अंतर २६ सागरी मैल: पहिले १९ वारा पाठीवर तिरका घेऊन किनाऱ्याला समांतर, मग एक भूशिर वळून उरलेले ७ मैल उपसागरात आत, थेट वाऱ्याच्या तोंडावर. अंदाज होता दुपारपर्यंत १५ ते २० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), झोत २८ पर्यंत. अंदाज बरोबर निघाला. त्याच्यावर काही ढकलता येणार नाही.

सुखाची सकाळ

७:४० ला निघालो तेव्हा खरा वारा १२ नॉट होता. पूर्ण शीड, बोट साडेपाच नॉटने चाललेली, डोलकाठीच्या टोकावरचं वाऱ्याचं मीटर ८ दाखवत होतं. नवाच्या सुमारास मीटर १२ वर गेलं आणि बोट सव्वासहावर. मित्राने जॅकेट काढून खाली केबिनमध्ये टाकलं. त्यावर त्याचं हार्नेस (स्वतःला बोटीशी बांधून घ्यायचा पट्टा), हार्नेसवर माझं. ढीग लावला तो आम्हीच.

१०:२० ला मीटर १५. बोट ६.८ नॉटने पळत होती. पाण्यावर २६ फूट लांबी असलेल्या बोटीचा हा जवळपास शेवटचा वेग. यापुढे स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात ती अडकते; वारा वाढला तरी वेग वाढत नाही, नुसता दोरांवरचा ताण वाढतो. मागून एक मोठी बोट येत होती, अंदाजे ४३ फुटी, तिच्यावरही पूर्ण शीड. ती आम्हाला गाठणार हे उघड होतं आणि तरीही मला ते थोडं लांबवायचं होतं.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "अरे, सगळीकडे पांढरं दिसायला लागलंय. रीफ घेऊ या का?"

मी मीटरकडे बोट दाखवलं. "पंधराच आहे. भूशिर ओलांडलं की बघू."

या सबंध प्रकरणातला निर्णय तो एवढाच. पुढचं सगळं त्याचं व्याज.

वळलो तेव्हा

१०:५० ला भूशिर वळलो, शिटा, म्हणजे शिडं आवळायचे दोर, ओढून घेतल्या आणि बोटीचं नाक वाऱ्याकडे आणलं. वारा फारसा वाढला नव्हता, २१ चा २२ झाला असेल. भूशिराला वळसा घालताना तो थोडा दाटून येतो तेवढाच. पण मीटरवर १५ च्या जागी २७ दिसायला लागले, आणि पहिला झोत आला तेव्हा ३२.

बोट ३५ अंशांवर कलली. वाऱ्याखालची कडा पाण्यात गेली, डेकवरून पाणी कॉकपिटच्या काठापर्यंत आलं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, मी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि तरी बोट वाऱ्याकडे वळतच होती. सुकाणूचं पातं इतकं तिरकं धरलं की ते वळवण्याऐवजी ब्रेकचं काम करतं. बोट कलली की त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर येतो, आणि मग ते धड ब्रेकही राहत नाही. दुसऱ्या झोतात ती माझ्या हातून सुटून सरळ वाऱ्यात घुसली. जेनोआ फडफडायला लागलं आणि त्याच्या शिटा डेकवर आसुडासारख्या आपटायला लागल्या. त्यातली एक माझ्या खांद्यावर बसली. वेग ४.५ नॉट. इतका गोंगाट, इतकी ओढाताण, आणि वेग सकाळच्या बारा नॉट वाऱ्यातल्यापेक्षा कमी.

आता मी जे केलं ते बहुतेक जण करतात. जे शीड कॉकपिटमध्ये बसून आवरता येतं ते आधी आवरलं. फर्लरचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकावर, घेतला आणि जेनोआ जवळजवळ सगळं गुंडाळून टाकलं. मेनसेलसाठी डोलकाठीपाशी जावं लागतं, डेक ओलं आणि उतरणीचं, हार्नेस खाली ढिगात. हात सोप्या दोराकडे गेला.

बोट जरा सरळ झाली, पण हट्टी झाली. पुढचं शीड नाक वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं वाऱ्याकडे ओढतं. दोघांच्या भांडणात बोट सरळ चालते. मी पुढचं काढून घेतलं आणि मागचं पूर्ण २२ चौरस मीटर तसंच ठेवलं. टिलर आणखी जड झाला. वेग तीन नॉटवर आला, आणि तीन नॉटला कील पाण्यात नीट धरत नाही, त्यामुळे बोट पुढे जाते त्याच्या निम्मी बाजूला घसरते. वाऱ्याखालचा किनारा वळताना दीड मैलावर होता. तो जवळ यायला लागला.

इंजिन का नाही लावलं, असं हे ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. फडफडीत जेनोआची एक शीट कडेवरून पाण्यात गेली होती. पाण्यात दोर लोंबत असताना पंखा फिरवला की तो दोर पंख्यावर गुंडाळला जातो, आणि मग शीडही नाही आणि इंजिनही नाही. दोर आत ओढेपर्यंत इंजिन बाद. हे निदान तेव्हा सुचलं, एवढीच त्या अर्ध्या तासातली माझी जमेची बाजू.

मीटर खरं सांगत होतं

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. डोलकाठीवरचं मीटर बोटीला जाणवणारा वारा मोजतं. त्याला भासमान वारा म्हणतात. सायकलवर वारा पाठीशी असला की हवा थांबल्यासारखी वाटते आणि वळून परत निघालं की तोंडावर आपटते, तेच हे. खरा वारा २१ नॉट, तो मागून तिरका, आणि बोट त्याच्यापासून ६.८ नॉटने पळतेय: मीटरवर साधारण १५. तोच वारा २२ नॉट, बोट त्याच्याकडे ४५ अंशांत ५ नॉटने जातेय: जवळजवळ २६. मीटरवर त्याहून एक जास्त दिसला.

१५ आणि २७ यांत फरक दुपटीचाही नाही असं वाटतं. पण शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ चा वर्ग २२५, २७ चा ७२९. म्हणजे तेवढ्याच कापडावर सव्वातीन पट जोर, एका वळणात, एका मिनिटात. शिवाय वारा मागून असताना तो जोर बोटीला मुख्यतः पुढे ढकलतो. वाऱ्याच्या तोंडावर त्यातला मोठा हिस्सा आडवा जातो आणि बोट कलवतो. भूशिराने काही कपट केलं नव्हतं. मी तीन तास वाऱ्याबरोबर पळत होतो आणि पळणाऱ्याला मागचं वादळ झुळूक वाटतं.

मित्राच्या डोळ्यांना ते कळलं होतं. समुद्र बोटीच्या वेगाने फसत नाही. बोफोर्टच्या मापावर ४ म्हणजे ११ ते १६ नॉट, तिथे लाटांवर पांढरे तुरे बऱ्यापैकी दिसतात. ५ म्हणजे १७ ते २१ नॉट, तिथे ते सगळीकडे पसरतात. माझं मीटर ४ सांगत होतं, पाणी ५ सांगत होतं. दोन साक्षीदार वेगळं सांगत असतील तर फरक का पडतोय हे विचारायला हवं होतं. मी सोयीचा साक्षीदार घेतला.

एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. फ्रान्सिस बोफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये आपलं माप बांधायला घेतलं तेव्हा त्यात वाऱ्याचा वेग नव्हताच. त्याच्या मापाच्या वरच्या पायऱ्यांची व्याख्या अशी होती, की वाऱ्याच्या तोंडावर जाणारं युद्धनौकेसारखं जहाज किती शीड पेलू शकेल: अमुक पायरीला वरच्या शिडांना एक रीफ, पुढच्या पायरीला दोन, त्यापुढे तीन, आणि १२ व्या पायरीला कोणतंही कापड टिकणार नाही असा वारा. नॉटमधले आकडे नंतर चिकटवले गेले. म्हणजे आज आपण आकडा बघून रीफ ठरवतो, आणि त्या मापाचा जनक रीफ बघून आकडा ठरवत होता. शिवाय त्याची अट 'वाऱ्याच्या तोंडावर जाणारं जहाज' ही होती. पाठीशी वारा घेऊन पळणाऱ्या जहाजावरून त्याने माप लावलं नाही.

आणि ती मोठी बोट. तिच्यावर पूर्ण शीड आहे म्हणून आपल्यावरही चालेल, हा विचार मी शब्दांत केला नव्हता पण केला होता. एकाच आकाराची बोट मोठी करत नेली की तिला कलवणारा जोर लांबीच्या घनाने वाढतो, कारण शीड दोन दिशांनी वाढतं आणि उंचीही वाढते. पण तिला सरळ ठेवणारा जोर लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३१ ला ४३ म्हणजे जवळपास ४० टक्के जास्त ताठ बोट. तिला मिळालेली सूट मला लागू नव्हती. तिनेही भूशिराच्या अलीकडे, मोकळ्या पाण्यात नाक वाऱ्याकडे करून रीफ घेतला, हे मित्राने पाहिलं होतं. मी तेव्हा मागे बघणं सोडलं होतं.

फाट

११:०५ ला ठरवलं की पहिला रीफ घ्यायचा. मित्र खाली जाऊन दोघांची हार्नेसं घेऊन आला, जीवनदोर अडकवला आणि सरपटत डोलकाठीपाशी पोचला. पद्धत त्याला माहीत होती. बंदरात बांधलेल्या बोटीवर आम्ही ती तीनदा केली होती, वाऱ्याशिवाय. ती पद्धत थोडक्यात अशी: मेनशीट आणि बूम (मेनसेलच्या तळाचा आडवा दांडा) खाली ओढणारा व्हँग सैल करायचे म्हणजे शिडातला वारा निघून जातो, बूम खाली पडू नये म्हणून टॉपिंग लिफ्टचा दोर घट्ट करायचा, हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, खुणेपर्यंत सोडायचा, शिडाच्या पुढच्या कडेवरची रीफची कडी बूमच्या मुळाशी असलेल्या हूकमध्ये अडकवायची, हॅलयार्ड पुन्हा कडक ताणायचा, आणि मग मागच्या कडेचा रीफ-दोर, ती कड बूमवर टेकेपर्यंत ओढायचा. शिडाच्या मधल्या भागातल्या छोट्या दोऱ्या सगळ्यात शेवटी, केवळ लोंबणारं कापड गोळा करायला.

यात आमच्या तीन गोष्टी चुकल्या आणि तिसरी महाग पडली.

व्हँग मी सैल केलाच नाही. शीट सोडली, पण व्हँगने बूम खाली धरून ठेवला, त्यामुळे शीड वाऱ्याने भरलेलंच राहिलं आणि डोलकाठीच्या बाजूच्या तारांवर दाबून बसलं. हॅलयार्ड सोडला तरी शीड अर्ध्यावर अडकलं. मित्र वरून लोंबकळून ओढतोय आणि ते हलत नाही, असं बराच वेळ चाललं. शेवटी माझं लक्ष व्हँगकडे गेलं.

टॉपिंग लिफ्ट ढिलीच होती. व्हँग सुटला आणि शीड खाली आलं तसा बूम कॉकपिटच्या काठावर धाडकन आदळला. माझं डोकं तिथे नव्हतं, यात माझं कर्तृत्व काही नाही.

कडी हूकमध्ये बसली, सुटली, पुन्हा बसली. हॅलयार्ड ढिला असताना ती सुटणारच. म्हणून कुणीतरी ती बोटाने दाबून धरायची असते तोवर दुसऱ्याने हॅलयार्ड ताणायचा. हे जमलं. मग मित्र मागचा रीफ-दोर विंचवर ओढत असताना मला दिसलं की हॅलयार्डचं टोक डोलकाठीवरच्या क्लीटवरून, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवरून, सुटतंय. मी ओरडलो, "थांब!"

तो थांबला. रीफ-दोर ओढायचा थांबला. मला म्हणायचं होतं हॅलयार्डचं. तो वळला, त्याने हॅलयार्ड पक्का केला, आणि दोघांनाही वाटलं की रीफ-दोराचं काम झालंय. मागची कड बूमपासून ३० सेंटिमीटर वर राहिली होती. वाऱ्यात, पाण्याच्या फवाऱ्यात, कापडाच्या घड्यांत ती कुणाच्या लक्षात आली नाही. मित्राने मधल्या दोऱ्या नीट बांधल्या, एक टोक फासासारखं ठेवून, ओढलं की सुटेल अशी रीफची गाठ, शिकवली होती तशीच. मी शीट ओढली.

रीफ घेतलेल्या शिडाचा तळ दोनच ठिकाणी धरलेला असतो: पुढची कडी आणि मागचा रीफ-दोर. मागचा दोर कड खाली आणि बाहेर, दोन्हीकडे ताणतो. तो ढिला राहिला की सगळा ताण मधल्या दोऱ्यांच्या छोट्या भोकांवर येतो, आणि ती भोकं तेवढ्यासाठी शिवलेली नसतात. पुढच्या झोतात तिसऱ्या भोकापासून कापड टरकन फाटलं. वीतभर. ११:२० झाले होते. किनारा एक मैलावर होता.

थांबलेली बोट

इथवर पोचल्यावर मी पहिल्यांदा काहीतरी बरोबर केलं, आणि ते म्हणजे पुढे जायचा प्रयत्न सोडला. शीड बदलायचं तर बोट आधी शांत करायला हवी, आणि शिडाची बोट शांत करायची जुनी रीत आहे: तिला दोन शिडांच्या भांडणात मुद्दाम अडकवून ठेवायचं. इंग्रजीत त्याला हीव्ह टू म्हणतात. आम्ही आपसात 'बोट टांगणं' म्हणतो.

पाण्यातली शीट आत ओढली. जेनोआ एक तृतीयांश, जेमतेम १० चौरस मीटर, उघडलं. त्याने नाकाला आधार मिळाला आणि वेग चार नॉट झाला, वळायला पुरेसा. मग बोट वाऱ्यातून पलीकडे वळवली, पण जेनोआची शीट सोडली नाही. त्यामुळे ते शीड उलट्या बाजूने फुगलं आणि नाक वाऱ्यापासून दूर ढकलू लागलं. मेनशीट सैल सोडली आणि टिलर वाऱ्याखालच्या बाजूला बांधून टाकला, म्हणजे सुकाणू बोटीला वाऱ्याकडे वळवत राहतं. नाक एकाने पडतं, दुसऱ्याने चढतं. दोन-तीन डुलक्या घेतल्या आणि बोट वाऱ्याला साधारण साठ अंशांत टेकली.

आवाज बंद झाला. म्हणजे वारा तोच होता, पण बोट लाटांवर आपटायची थांबली, फवारा थांबला, कल १५ अंशांवर आला. आपण बाजूला घसरतो तेव्हा वाऱ्याच्या बाजूला पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा उमटतो, आणि येणाऱ्या लाटा त्यावर थोड्या मवाळ होतात. मित्र म्हणाला, "हे आधी का नाही केलं?" मी उत्तर दिलं नाही.

बोट टांगताना वारा उजव्या बाजूने येईल अशी बाजू निवडली. १९७२ च्या सागरी टक्करविरोधी नियमांतला १२ वा नियम सांगतो की दोन शिडांच्या बोटींना वारा वेगवेगळ्या बाजूंनी येत असेल तर डावीकडून वारा घेणारीने वाट द्यायची. दोघांचं लक्ष दोरांत असणार होतं तेव्हा वाट मिळण्याचा हक्क आपल्याकडे असलेला बरा. अर्थात तो हक्क समोरच्याने पाहिला तरच. दर दोन मिनिटांनी एकदा चौफेर बघत होतो.

टांगलेली बोट वाऱ्याबरोबर घसरत राहते. आमची साधारण दीड नॉटने. किनारा एक मैल, म्हणजे ४० मिनिटं. मी आम्हाला १५ दिली. तेवढ्यात झालं नाही तर जे असेल ते घेऊन, इंजिनसकट, बाहेर निघायचं.

दुसरा रीफ घ्यावाच लागणार होता. फाट पहिल्या रीफच्या ओळीवर होती. दुसरा घेतला की ती ओळ गुंडाळीत जाते आणि फाटीवर ताण येत नाही. या वेळी प्रत्येक दोराचं नाव आधी घ्यायचं ठरलं. "व्हँग, सोडला." "टॉपिंग लिफ्ट, पक्की." "हॅलयार्ड, थांब." हूकवर अंगठा ठेवून मित्राने कडी धरली, हॅलयार्ड ताणला तेव्हा पुढच्या कडेवर उभी घडी दिसेपर्यंत. मग रीफ-दोर, आणि या वेळी मी बूमच्या टोकापर्यंत जाऊन हाताने चाचपलं की कड टेकली आहे. मधल्या दोऱ्या बूमभोवती न घेता शिडाच्या तळकडेखालून घेतल्या, म्हणजे चुकून ताण आलाच तर थोडी ढील राहील. नऊ मिनिटं लागली. आधीच्या खटपटीला पंधरा लागली होती आणि शीड फाटलं होतं.

निघण्याआधी जेनोआच्या शीटची सरकती कप्पी पुढे घेतली. शीड गुंडाळलं की त्याचा खालचा मागचा कोपरा वर आणि पुढे सरकतो. कप्पी जागची हलवली नाही तर शिडाची मागची कड वर सैल राहून फडफडते आणि फडफडून झिजते. हे लहानसं काम लोक विसरतात. मीही बऱ्याचदा विसरतो.

आता मेनसेल साडेबारा, जेनोआ दहा, एकूण साडेबावीस चौरस मीटर. सकाळच्या निम्म्याहूनही कमी. मीटरवर २७ होतेच. बोट ५.२ नॉटने चालली, कल २० अंशांच्या आत, टिलर दोन बोटांत. पन्नास चौरस मीटरवर ती साडेचारने रखडत होती. कापड कमी केल्याने जोर कमी होतोच, पण तो खालीही उतरतो; डोलकाठीचं टोक रिकामं होतं, तिथे वारा जास्त असतो आणि तिथला प्रत्येक किलो लांब दांड्यावरून कलवत असतो. बोट सरळ झाली की कील सरळ होतो, सुकाणू पाण्यात राहतं आणि ब्रेक सुटतो. १४:१० ला बंदरात पोचलो. ४३ फुटी बोट एक तास आधी येऊन बांधलेली होती, शिडं झाकलेली.

नंतर काय बदललं

फाट शिवून आणली, आणि रीफच्या प्रत्येक भोकाभोवती कापडाचा दुसरा थर. हॅलयार्डवर दोन ठिकाणी रंगीत सुताचे वेढे घातले: लाल सूत क्लीटवर आलं की पहिल्या रीफइतकं सुटलं, निळं आलं की दुसऱ्या. रीफ-दोरांवरही तसेच, कड टेकली की सूत कप्पीच्या तोंडाशी दिसतं, कापडात बघायची गरज नाही. आता नुसतं "थांब" बोटीवर चालत नाही. कशाला थांब ते आधी. आणि हार्नेसं ढिगात नाहीत, जिन्याच्या आत खुंटीवर.

फर्लर आधी की मेन आधी, यावर मित्राशी माझा अजून मतभेद आहे. तो म्हणतो आमच्या बोटीवर नेहमी मेन आधी. मला तसा सरसकट नियम पटत नाही. लहान जिब (पुढचं शीड) आणि मोठी मेन असलेल्या बोटीवर ते खरं, पण आमच्यासारख्या मोठ्या जेनोआच्या बोटीवर आधी थोडं जेनोआ गुंडाळलं तर बिघडत नाही. थोडं. मी ते सगळं गुंडाळलं होतं, आणि तिथे तो बरोबर आहे.

वारा पाठीशी असताना एक बेरीज आता ठरलेली आहे. मीटरवर दिसतं त्यात बोटीच्या वेगातले सहा नॉट मिळवायचे, तो खरा वारा. त्यात आणखी चार, तो वळल्यावरचा. त्या दिवशी १०:२० ला: १५, २१, २५. आमच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर १८ च्या पुढे पहिला रीफ लागतो आणि २४ च्या पुढे दुसरा. तोंडी बेरीज आहे, दहा सेकंदांची. वळणाच्या दोन मैल आधी ती मोठ्याने करायची, दोघांनी.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच मार्गावर होतो. भूशिराच्या दोन मैल अलीकडे मीटर १२, बेरीज २२. मोकळ्या पाण्यात नाक वाऱ्याकडे केलं, पहिला रीफ घेतला, सहा मिनिटांत. भूशिर वळलो आणि वारा पडला. दहा नॉट, मग आठ. रीफ घेतलेलं शीड लोंबतंय, बोट तीन नॉटने रांगतेय, आणि मागून येणारी एक पूर्ण शिडाची बोट हात हलवत निघून गेली. मित्राने आधी मधल्या सगळ्या दोऱ्या सोडल्या, एक-एक मोजून, कारण त्यातली एक जरी बांधलेली राहिली आणि हॅलयार्ड ओढला तर शीड तिथेच फाटतं. मग रीफ-दोर, मग हूक. हॅलयार्ड वर. चार मिनिटं लागली.